टाकसाळ मुंबईची, खाण ॲस्पेनची

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या कुशीत ॲस्पेन नावाचं गाव आहे. सिनेनट, अब्जाधीश आणि बर्फावरून घसरण्याचा नाद असलेले लोक तिथे हिवाळा घालवतात. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७,९०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून अडीच हजार फूट वर. गावाच्या दक्षिणेला, शेवटच्या गल्लीला लागूनच ॲस्पेन माउंटनचा चढ सुरू होतो. या डोंगरावरच्या स्कीच्या वाटांचा नकाशा नीट पाहिला, तर नावं जरा चमत्कारिक वाटतात. लिटल नेल, स्पार गल्च, लास्ट डॉलर, झॉग डंप. वर नेणाऱ्या पाळण्यांचं नाव सिल्व्हर क्वीन. डंप म्हणजे खाणीतून उपसून बाहेर ओतलेल्या दगडमातीचा ढीग. हजारो रुपये मोजून माणसं ज्या उतारांवरून घसरतात, त्यांतले काही एकेकाळी खाणकामगारांनी फेकलेल्या मलब्याचे आहेत. वर चार-सहा फूट बर्फ असल्यामुळे तो दिसत नाही, इतकंच.

हे गाव चांदीवर उभं राहिलं. चौदा वर्षांत वाढलं आणि एका उन्हाळ्यात बसलं. ते बसवण्यात वॉशिंग्टनचा हात होता, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतं. त्याआधी सिमल्यात झालेल्या एका निर्णयाचा आणि मुंबईच्या टाकसाळीचाही त्यात हात होता, ही गोष्ट मात्र तिथे ओझरती सांगितली जाते आणि आपल्याकडे तर जवळजवळ सांगितलीच जात नाही.

यूटांचा मुलूख

१८७९ च्या उन्हाळ्यात लेडव्हिल या खाणगावातून काही शोधक पश्चिमेकडे निघाले. लेडव्हिलला चांदी सापडली होती आणि तिथल्या जमिनींवर आधीच दावे लागले होते. पलीकडच्या खोऱ्यातही तसाच चुनखडीचा थर असावा, असा त्यांचा कयास होता. मध्ये बारा हजार फुटांची खिंड होती, तिला आज इंडिपेंडन्स पास म्हणतात. ती ओलांडून ते रोअरिंग फोर्क नदीच्या खोऱ्यात उतरले. कयास खरा ठरला. चुनखडीच्या भेगांत शिसं, जस्त आणि चांदी एकत्र बसलेली होती.

तो मुलूख यूट या आदिवासींचा होता, तहाने त्यांना दिलेला. त्याच सप्टेंबरात उत्तरेकडे व्हाइट रिव्हर इथे यूट आणि सरकारी एजंट नेथन मीकर यांच्यात चकमक झाली आणि मीकर मारला गेला. राज्यात ‘यूटांना घालवा’ अशी ओरड सुरू झाली, आणि गव्हर्नर फ्रेडरिक पिटकिन स्वतः त्या ओरडीत सामील होता. १८८१ मध्ये यूटांच्या टोळ्यांना लष्कराच्या पहाऱ्यात यूटा प्रांतात हलवण्यात आलं. त्याच वर्षी ॲस्पेनभोवती नवा जिल्हा काढला, त्याचं नाव ठेवलं पिटकिन. गावाचं पहिलं नाव यूट सिटी होतं. १८८० मध्ये बी. क्लार्क व्हीलर नावाच्या खटपट्या माणसाने ते बदलून ॲस्पेन केलं. ज्यांची जमीन घेतली त्यांचं नाव पुसलं आणि घेणाऱ्याचं लावलं. खाणींच्या इतिहासात हा क्रम जगभर सापडतो.

चांदी आहे, पण वाट नाही

पहिली सात-आठ वर्षं ॲस्पेनची अडचण वेगळीच होती. खनिज मुबलक, पण ते न्यायचं कसं? खच्चर-गाढवांचे तांडे पोत्यांतून खनिज भरून खिंडीवरून लेडव्हिलला जात. हिवाळ्यात खिंड बंद. वाहतुकीचा खर्च इतका, की अगदी कसदार खनिजच पाठवणं परवडे. बाकीचं खाणीच्या तोंडाशी ढीग लावून ठेवायचं आणि रेल्वेची वाट पाहायची.

इथे जेरोम व्हीलर हा माणूस येतो. नावात साम्य असलं तरी बी. क्लार्क व्हीलरशी त्याचं नातं नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रसिद्ध दुकानाचा तो भागीदार. पत्नीच्या प्रकृतीसाठी कोलोरॅडोत आला आणि ॲस्पेनमध्ये गुंतला. खनिज वितळवण्याची भट्टी त्याने पुरी केली, बँक काढली, रेल्वेत पैसा घातला. १८८७ च्या अखेरीस डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीचा लोहमार्ग पोचला, पाठोपाठ १८८८ मध्ये कोलोरॅडो मिडलँडचा. एका खोऱ्यात दोन प्रतिस्पर्धी रेल्वे! भाडी उतरली आणि ढीग लावून ठेवलेल्या खनिजालाही किंमत आली. १८८९ मध्ये व्हीलरने ऑपेरा हाउस आणि हॉटेल जेरोम बांधलं. हॉटेलात विजेचे दिवे होते. नदीनाल्यांच्या पाण्यावर वीज करून गावात दिवे लावण्याची सुरुवात १८८५ मध्येच झाली होती, तेव्हा मुंबईचे रस्ते गॅसवर उजळत होते.

१८९० च्या जनगणनेत गावची लोकसंख्या पाच हजारांवर गेली. अमेरिकेत निघणाऱ्या चांदीचा सुमारे सहावा हिस्सा या एका गावातून येतो, असं तेव्हा मानलं जाई. लेडव्हिल मागे पडलं.

खाणमालकांच्या पैशाचा मोठा भाग मात्र वकिलांकडे गेला. अमेरिकेच्या १८७२ च्या खाण कायद्यात एक तरतूद आहे. खनिजाच्या शिरेचा माथा ज्याच्या हद्दीत, त्याला ती शीर शेजाऱ्याच्या जमिनीखाली गेली तरी तिच्यामागे खणत जाता येतं. डोंगराच्या वरच्या अंगाला दावे होते डेव्हिड हायमन या सिनसिनाटीच्या वकिलाचे. खालच्या अंगाला, जिथे खनिज खरोखर घबाड होतं, तिथे जेरोम व्हीलर आणि मंडळी. १८८६ च्या डिसेंबरात डेन्व्हरच्या कोर्टात खटला उभा राहिला. दोन्ही बाजूंनी भूगर्भतज्ज्ञ आणि खाणींचे नमुने आणले. पंचांनी हायमनच्या बाजूने कौल दिला. पण अपिलांत दोघांचंही दिवाळं निघेल हे ओळखून त्यांनी तडजोड केली आणि सामाईक कंपनी काढली. तिचं नावच ‘कॉम्प्रोमाइज’.

मेणबत्तीच्या उजेडात

गावाला वीज आली म्हणून खाणीत उजेड आला असं नव्हे. कामगाराचं मुख्य साधन होतं मेणबत्ती, आणि ती धरणारं लोखंडी हत्यार आजही तिथल्या संग्रहालयांत पाहायला मिळतं. वीतभर लांबीचा दांडा, एका टोकाला अणकुचीदार, मध्ये मेणबत्ती बसेल एवढं कडं आणि बाजूला एक आकडा. लाकडी खांब असेल तर टोक ठोकून रोवायचं, खडकाची कपार असेल तर आकड्याने अडकवायचं. एका पाळीला मोजक्या मेणबत्त्या मिळत. मेणबत्ती विझायला लागली की हवा खराब झाली असं समजून माणसं बाहेर येत.

सुरुंगाची भोकं हाताने पाडायची असत. एकाने पोलादी पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. प्रत्येक घावानंतर धरणाऱ्याने पहार थोडी फिरवायची, नाहीतर ती भोकात रुतून बसते. घाव चुकला तर धरणाऱ्याचं मनगट गेलं. भोकं पुरी झाली की डायनामाइट भरून वाती लावायच्या आणि लांब जाऊन स्फोट मोजायचे. आठ वाती लावल्या आणि सातच आवाज आले, तर पुढच्या पाळीला निरोप द्यावा लागे. न फुटलेला आठवा सुरुंग दगडात दबा धरून असे. त्यावर पहार पडली की माणूस संपला. वाफेवर आणि दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रं हळूहळू आली, पण घण आणि पहार शेवटपर्यंत सुटली नाही.

या कामाची मजुरी दिवसाला तीन डॉलरच्या आसपास. कामगारांत आयरिश होते, स्वीडिश होते, इटालियन होते, आणि कथिलाच्या खाणी बंद पडू लागल्यावर इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून आलेले मुरब्बी खाणकामगार होते. खाणीत ठोकण्याचे आवाज करून दरड कोसळण्याआधी इशारा देणारी ‘टॉमीनॉकर’ भुतंही या कॉर्निश लोकांनी सोबत आणली. लाकडी खांब दाबाखाली कुरकुरतात, त्या आवाजाची ही लोककथा. भूत मानलं काय आणि न मानलं काय, आवाज ऐकून बाहेर पळणारा वाचत असे.

२६ जून १८९३

आता मुंबईकडे वळू. १८३५ पासून हिंदुस्थानात एक व्यवस्था होती. कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत जावं, नाममात्र आकार भरावा आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत. १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा रुपया, त्यात बारात अकरा भाग शुद्ध चांदी. म्हणजे रुपयाची किंमत ही त्यातल्या चांदीची किंमत. सराफाच्या दुकानातली लगड आणि खिशातलं नाणं यांत फारसा फरक नव्हता. त्यामुळे जगात निघणाऱ्या चांदीला हिंदुस्थान हे हमखास गिऱ्हाईक होतं.

१८७० नंतर घडी मोडली. जर्मनीने सोन्याचं चलन घेतलं आणि आपली चांदी विकायला काढली. अमेरिकेनेही १८७३ मध्ये चांदीची नाणी खुलेपणाने पाडणं थांबवलं. त्याच वेळी नेवाडा, कोलोरॅडो इथल्या खाणींतून चांदी लोटू लागली. भाव पडले आणि भावाबरोबर रुपयाही. १८७० च्या आसपास दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगावर आला. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडला दीड कोटी पौंडांहून जास्त रक्कम पाठवावी लागे. गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, रेल्वेचं व्याज, लष्कराचा खर्च. देणं पौंडांत आणि वसुली रुपयांत, म्हणजे रुपया जितका पडेल तितका कराचा बोजा वाढणार. शिवाय इथल्या युरोपियन नोकरवर्गाची ओरड होतीच, कारण त्यांनाही पगार रुपयांत मिळून घरी पौंड पाठवायचे असत.

लंडनमध्ये लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल आला आणि २६ जून १८९३ रोजी सिमल्यात, व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या कायदेमंडळाने एकाच बैठकीत कायदा करून टाकला. टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद. चांदी महाग झाली नाही तरी रुपया महाग ठेवायचा, असा बेत. लक्ष्य ठरलं एक शिलिंग चार पेन्स.

तारेने बातमी जगभर गेली. न्यूयॉर्कला औंसाला ८३ सेंटच्या आसपास असलेली चांदी चार दिवसांत ६२ सेंटवर आली. जून संपण्याआधीच कोलोरॅडोतले खाणमालक आणि भट्टीवाले डेन्व्हरमध्ये जमले आणि त्यांनी काम बंद ठेवायचं ठरवलं. जुलैच्या मध्यात तीन दिवसांत डेन्व्हरच्या बारा बँका बुडाल्या. ॲस्पेनमध्ये जेरोम व्हीलरची बँकही बंद पडली, तो स्वतः पुढे १९०१ मध्ये दिवाळखोर झाला. बेकार कामगारांना राज्याबाहेर न्यायला रेल्वे कंपन्यांनी भाडी उतरवली.

अमेरिकेत त्याआधीच आर्थिक घबराट सुरू होती. १८९० च्या शर्मन कायद्याने सरकार दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेत होतं, चांदीचा भाव त्या टेकूवर उभा होता. हा टेकूच सोन्याचा साठा पोखरतो, असं अध्यक्ष क्लीव्हलँड यांचं मत. त्यांनी काँग्रेसचं खास अधिवेशन बोलावलं आणि १ नोव्हेंबर १८९३ रोजी तो कायदा रद्द झाला. ॲस्पेनच्या इतिहासात सगळा दोष या रद्दबातलीवर टाकायची पद्धत आहे. पण भाव कोसळला तो जूनमध्ये, सिमल्याच्या तारेने. नोव्हेंबरने परतीची वाट बंद केली.

यातला पेच बघण्यासारखा आहे. कोलोरॅडोने चांदी इतकी काढली, की तिचा भाव पडला. भाव पडला म्हणून रुपया पडला. रुपया पडला म्हणून मुंबईची टाकसाळ बंद झाली, आणि टाकसाळ बंद झाली म्हणून कोलोरॅडो बुडालं. घण घालणाऱ्याला यातलं काहीच ठरवता येत नव्हतं.

इकडे फटका बसला तो वेगळ्या माणसाला. कुणब्याची बचत म्हणजे बायकोच्या पायातले तोडे, लेकराचे वाळे, कमरेची साखळी. टाकसाळ खुली होती तोवर अडीनडीला या चांदीचे रुपये होत. आता चांदी चांदीच्या पडत्या भावाने विकायची आणि सारा मात्र महाग रुपयाने भरायचा. १८९६-९७ च्या दुष्काळात दागिने मोडायला निघालेल्या शेतकऱ्याला हे कळलं. मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीनला जाई, आणि चीन चांदीवर चालणारा देश. तिथल्या गिऱ्हाइकाला आपलं सूत एकाएकी महाग झालं.

ॲस्पेनचा गव्हर्नर

१८९३ मध्ये कोलोरॅडोचा गव्हर्नर होता डेव्हिस वेट, ॲस्पेनचाच वकील आणि छोट्याशा वर्तमानपत्राचा संपादक. वयाची सत्तरी जवळ आलेली, लांब दाढी, पॉप्युलिस्ट पक्षाचा. ११ जुलै १८९३ ला डेन्व्हरच्या सभेत त्याने असं भाषण केलं, की स्वातंत्र्य गमावण्यापेक्षा घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त चढलेलं परवडलं. तेव्हापासून देशभरच्या पत्रांनी त्याचं नाव ‘ब्लडी ब्रायडल्स’ ठेवलं. कोलोरॅडोची चांदी मेक्सिकोत नेऊन डॉलर पाडून आणायची योजनाही त्याने मांडली. लोक हसले. पण त्याच्याच कारकिर्दीत, ७ नोव्हेंबर १८९३ रोजी, कोलोरॅडोच्या पुरुष मतदारांनी कौल देऊन स्त्रियांना मताधिकार दिला. अमेरिकेत लोकमताने असा हक्क देणारं ते पहिलं राज्य. चांदीच्या पडझडीतून आलेल्या असंतोषाचा त्याला हातभार लागला.

त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कोलोरॅडोने ‘सिल्व्हर क्वीन’ नावाचा भव्य पुतळा मांडला होता. विवेकानंदांचं भाषण झालं तेव्हा हे प्रदर्शन चालू होतं. पुतळ्याचा पुढे माग लागला नाही.

बुडालेल्या खाणी, उरलेलं गाव

खाणी एका रात्रीत ओस पडल्या नाहीत. कमी मजुरीवर काही पुन्हा सुरू झाल्या. १८९४ मध्ये स्मगलर खाणीत जवळपास शुद्ध चांदीचा एक प्रचंड गोळा सापडला, वजन टनाच्या घरात. तो तुकडे केल्याशिवाय बाहेरही काढता येईना. भाव पडल्यावर जगातला सर्वांत मोठा गोळा सापडावा, याला काय म्हणावं!

खोल गेलं की पाणी लागतं. ‘फ्री सिल्व्हर’ नावाच्या खाणीच्या उभ्या विहिरीत, हे नावही चांदीची नाणी खुलेपणाने पाडा या राजकीय घोषणेवरूनच, तळातले पंप पाण्याखाली गेले. १९१० मध्ये ते दुरुस्त करायला समुद्रात बुड्या मारणारे पाणबुडे आणले गेले. समुद्रापासून शेकडो मैल दूर, आठ हजार फूट उंचीवर! १९१८ च्या सुमारास स्मगलर थांबली. १९३० च्या जनगणनेत गावात उरले ७०५ लोक. जवळचं ॲशक्रॉफ्ट हे खाणगाव तर पूर्ण उठलं, त्याची काही लाकडी घरं कॅसल क्रीकच्या खोऱ्यात अजून उभी आहेत.

नवा धंदा जुन्याच सामानातून सुरू झाला. १९३७ मध्ये स्विस गिर्यारोहक आंद्रे रॉश याने डोंगरावर स्कीची पहिली वाट आखली. वर जायला गावकऱ्यांनी खाणीतलं चढउताराचं यंत्र, मोटारीचं जुनं इंजिन आणि लाकडी घसरगाड्या जोडून ‘बोट टो’ बनवला. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या कँप हेलमध्ये दहाव्या माउंटन डिव्हिजनचं प्रशिक्षण चाले. सुट्टीला ॲस्पेनला येणाऱ्या त्या जवानांत ऑस्ट्रियाचा फ्रीड्ल फायफर होता. युद्धानंतर तो परतला. शिकागोचा कारखानदार वॉल्टर पेपके याने भांडवल उभं केलं. जानेवारी १९४७ मध्ये ‘लिफ्ट वन’ सुरू झाली, तेव्हाची जगातली सर्वांत लांब खुर्च्यांची लिफ्ट. पण डोंगर अजून खाणदाव्यांचा होता. मोठा हिस्सा होता डी. आर. सी. ब्राउन या खाणमालकाच्या घराण्याकडे, आणि भाडेकराराने जागा घेतल्याशिवाय लिफ्टचा एक खांबही उभा राहिला नसता. ब्राउनचा मुलगा पुढे स्की कंपनीचा प्रमुख झाला. यूटा राज्यातल्या पार्क सिटीत तर खाण कंपनीनेच १९६३ मध्ये स्कीचा धंदा काढला आणि लोकांना खाणीच्या बोगद्यातल्या गाडीतून नेऊन खाणीच्या पाळण्याने वर चढवलं.

खाणीचं देणं मात्र जमिनीत राहिलं. स्मगलर डोंगराखाली मलब्यावर घरं बांधली गेली होती आणि त्या मातीत शिसं भरपूर होतं. १९८६ मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने ती जागा देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत घातली आणि अंगणं खरवडून माती उचलायचं ठरवलं. रहिवाशांनी विरोध केला. मुलांच्या रक्तात शिसं वाढलेलं दिसत नाही, उलट माती उकरली तर धुरळा उडेल, असं त्यांचं म्हणणं. वादानंतर शास्त्रज्ञांची स्वतंत्र समिती नेमली गेली, काम मर्यादित झालं आणि १९९९ मध्ये जागा यादीतून निघाली.

आज गावची अडचण १८८५ सारखीच, उलट्या तोंडाची. तेव्हा खनिज बाहेर नेणं परवडत नसे, आता कामकऱ्याला गावात राहणं परवडत नाही. घरं इतकी महाग, की हॉटेलातला स्वयंपाकी आणि शाळेतली शिक्षिका रोज बसने खालच्या गावांतून चढून येतात. स्थानिक प्रशासनाने कामकरी लोकांसाठी राखीव घरं बांधली, ती सुमारे तीन हजार आहेत आणि तरी पुरत नाहीत.

परत आलेली चांदी

गोष्टीला आणखी एक वळण आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात कागदी नोटांवरचा विश्वास उडाला आणि लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले. १९१८ च्या वसंतात सरकारकडचे रुपये संपत आले. ब्रिटनने अमेरिकेकडे धाव घेतली. २३ एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्याने तिथल्या तिजोऱ्यांत पडून असलेले चांदीचे डॉलर वितळवायला परवानगी मिळाली. त्यांतले सुमारे २५ कोटी ९० लाख डॉलर हिंदुस्थानसाठी वितळवले गेले, औंसाला एक डॉलर भावाने. २० कोटी औंस चांदी. हे डॉलर बहुतांशी शर्मन कायद्याच्या आणि त्याआधीच्या कायद्याच्या खरेदीतून पाडलेले होते, म्हणजे कोलोरॅडोच्या खाणींच्या भरभराटीतले. जी चांदी १८९३ मध्ये मुंबईने दारातून परत पाठवली, तिच्यासाठी पंचवीस वर्षांनी पदर पसरावा लागला.

या सगळ्या व्यवहाराची सर्वांत कठोर चिकित्सा एका मराठी माणसाने केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रूपी’ हा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने निघाला. चांदीचं चलन का कोसळलं, टाकसाळी का बंद झाल्या आणि त्यानंतर सरकारने रुपया आपल्या मर्जीवर कसा ठेवला, याचा हिशेब त्यात आहे. रुपया किती पाडायचा हे सरकारच्या लहरीवर सोडू नये, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्यांनी अर्थतज्ज्ञ केन्सशीही मतभेद मांडला.

खाणीच्या गावाचं भवितव्य खाणीत ठरत नाही. भाव जिथे ठरतो, तिथे त्या गावाचा माणूस बसलेला नसतो. ॲस्पेन सावरलं, कारण त्याच्याजवळ चांदीखेरीज बर्फही होतं. ॲशक्रॉफ्टजवळ तेवढं नशीब नव्हतं. अमेरिकेतल्या लेकीकडे गेलेल्या आणि ॲस्पेनचा बेत आखणाऱ्या वाचकांनी तिथलं होल्डन-मॅरोल्ट संग्रहालय चुकवू नये. १८९१ मध्ये बांधलेला खनिज शुद्धीकरणाचा कारखाना तिथे होता, तो चौदा महिने चालला. आणि निघण्याआधी बाबासाहेबांचा तो ग्रंथ जरूर वाचावा. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात तो आहे.